चिपवाल्यांची पेटी

सासरी तिला सगळे थोरली म्हणत, कारण ती थोरली सून. तिच्या कारखान्यात एकोणीस माणसं होती आणि माल एकच निघायचा: नेटवर्कचे स्विच. ऑफिसातले, इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर ज्या चपट्या, भोकाभोकांच्या पेटीतून एकमेकांशी बोलतात, ती पेटी. पेटीतली चिप यायची एका बड्या कंपनीकडून, आणि त्या कंपनीत थोरलीचा धाकटा दीर विक्रीप्रमुख होता. "एकाने सूत कातायचं, दुसरीने विणायचं," सासूबाई म्हणायच्या, "भांडायला जागाच नाही." बारा वर्षं खरंच नव्हती.

मग एके दिवशी कंपनीने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सभागृहात बोलावलं. संचालकाने टेबलावरचं कापड ओढलं. खाली स्विच होता. कंपनीच्याच नावाचा.

"यापुढे आम्ही नुसती चिप नाही, पेटीही विकणार," तो म्हणाला. "बाजार मोठा आहे. सगळ्यांना पुरेल."

टाळी एकट्या दिराने वाजवली, आणि कोणी साथ देईना तेव्हा हात खिशात घातले.

थोरली उठली, टेबलापाशी गेली, पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीचे स्क्रू काढू लागली.

"वहिनी, अहो, तो नमुना आहे!" दीर धावत आला.

"नमुनाच बघतेय."

झाकण निघालं. आतला पंखा तिरका बसवलेला होता. अगदी तिच्या पेटीतल्यासारखा. दोन उन्हाळे पेट्या जळाल्या, माल परत आला, तेव्हा कुठे तिला ही युक्ती सापडली होती. गेल्या वर्षी दिराने तिच्याकडून पेटीच्या रचनेचे सगळे नकाशे मागून नेले होते. चिप फार तापते अशी तुमची तक्रार आहे ना, आमचे इंजिनिअर बघतील, असं म्हणून.

"पंखा किती अंशांनी वळवलाय, भाऊजी?"

तो झाकण उचलून परत बसवायला लागला.

"अठरा. विचारा तुमच्या लोकांना अठराच का. एकालाही सांगता येणार नाही."

"बाई," संचालक हसून म्हणाला, "तिरक्या पंख्यावर कोणाची मालकी नसते."

"मग सरळ बसवून दाखवा. तासाभरात पेटी आचके देईल."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दिराने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

"चारचौघांत तमाशा कशाला, वहिनी? तुम्हाला चिपा मिळत राहतील की."

"कधी?"

"आधी आमची गरज भागली की. चाळीसेक आठवडे लागतील."

बारा वर्षांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "माझ्या ताटात जेवलास," ती म्हणाली, "आणि माझ्याच चुलीत पाणी ओतलंस. दंड सोड."

घरी नवरा समजूत घालायला लागला. "तो नोकरदार माणूस. वरून हुकूम आला असेल."

"हुकूम वरून आला, पण नकाशे माझ्या कपाटातून गेले ना?"

सासूबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं, बॅग भरली आणि त्या धाकट्याकडे राहायला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सुनेच्या पेटीपायी मी पोटच्या पोराला चोर म्हणणार नाही."

थोरलीने दुसऱ्या, लहान कंपनीची चिप धरली. चिप बदलली की पेटीचं सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहावं लागतं. त्यात आठ महिने गेले. विकायला माल नाही, नुसती खटपट. सहा जण सोडून गेले. त्यातले दोघे थेट दिराकडे.

पण त्या सभागृहातून चरफडत बाहेर पडलेली ती एकटी नव्हती. आज पेटी काढली, उद्या आपण बनवतो तो मालही काढून आपल्या गळ्याला हात घालतील, हे बाकीच्यांनीही ओळखलं. एकेकाने त्या कंपनीची चिप सोडली. आणि कंपनीच्या पेट्या? त्या विकल्या गेल्या, पण बंद पडल्या की धावून जायला कंपनीकडे माणूसच नव्हता. एका इस्पितळात अख्खी सकाळ रुग्णांचे कागद हाताने लिहावे लागले.

त्यानंतरच्या आठवड्यात दीर कारखान्यात आला. ती चाचणीच्या खोलीत होती. वीस पेट्यांचे पंखे घोंघावत होते. त्याला ओरडून बोलावं लागलं.

"वहिनी, आमच्या पेट्यांची देखभाल तुम्ही घ्या! शंभर इस्पितळं आहेत! म्हणाल त्या अटीवर!"

तिने एकेक बटण दाबत सगळ्या पेट्या बंद केल्या. खोली शांत झाली.

"एक विचारते. नकाशे नेलेस तेव्हा पेटी काढणार हे तुला माहीत होतं?"

तो खोटं बोलेल अशी तिची खात्री होती. उत्तरही तयार होतं.

"होतं," तो म्हणाला.

तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं. तिला उलट जास्तच संताप आला. "मग कुठल्या तोंडाने आलास?" तिने दार उघडून धरलं. "नीघ. इस्पितळांनी मला फोन केला तर माझी माणसं जातील. तुझ्यासाठी एक स्क्रू पिळणार नाही."

वर्ष संपायच्या आत कंपनीने पेटीचा विभाग गुंडाळला. संचालक जागेवरच राहिला; दिराची नोकरी गेली. थोरलीची नवी पेटी बाजारात आली. तेरा माणसांत जेवढी निघते तेवढी निघते, आणि ती जळत नाही.

नवरा दर रविवारी आईला आणि भावाला भेटायला एकटाच जातो. थोरली त्याला अडवत नाही, आणि परत आल्यावर काही विचारतही नाही.