डोळा कोणी हलवला?

घरातल्या माणसाचं काही अधू झालं की आपण सगळे एकदम मायाळू होतो. त्याला उठू देत नाही, चहा गाळू देत नाही, भाजीला हात लावू देत नाही. वाईट हेतूने नव्हे, मायेपोटीच. त्या मायेचीच ही गोष्ट.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बरेच महिने ते खिडकीशी नुसते बसून असायचे. मग एका सकाळी त्यांनी आईला रंग काढायला सांगितले. आई ठरलेल्या क्रमाने ताटलीत रंग पिळून द्यायची. बाबा आधी जाड गोंदाने रेषा ओढायचे आणि ती वाळली की बोटांनी चाचपत आत ब्रशने रंग भरायचे. पहिलं चित्र आईचंच काढलं. त्यात तिचा एक डोळा गालावर उतरला होता आणि केसांचा काळा रंग कपाळभर पसरला होता.

ते चित्र त्यांच्या मुलीने पाहिलं. लोक हसतील, बाबांची शोभा होईल, असं तिला वाटलं. आईने पुरं झालेलं चित्र अजून पाहिलं नव्हतं, ती बाहेर गेली होती; बाबा झोपले होते. तिने गोंद खरवडून तो डोळा जागेवर आणला, कपाळ साफ केलं आणि वाळल्यावर चित्र भिंतीवर उंच टांगलं.

शेजाऱ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. बाबा खुलले, भराभर चित्रं काढू लागले. मुलगी आईच्याही नकळत प्रत्येक चित्र सुधारून उंच टांगत गेली. आपण चांगलंच करतोय याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

वाचनालयाने त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चित्रं बांधायला काढली तेव्हा बाबांनी आईचं चित्र मांडीवर मागून घेतलं. त्यांची बोटं त्यावरून फिरली आणि थांबली.

"हा डोळा कोणी हलवला?"

मुलीला खोटं बोलवेना. "बाबा, लोक हसले असते हो."

"हसले असते तर माझ्या चित्राला हसले असते. आता टाळ्या वाजवतील त्या तुझ्या चित्राला. आयुष्यभर वर्गात हात पाठीमागे बांधून फिरलो मी. पोराच्या चित्रावर मास्तरने ब्रश टेकवायचा नसतो. ते पुन्हा स्वतःचं काढतच नाही."

आईने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "डोळे आजाराने नेले गं. हात तू नेलेस."

प्रदर्शन झालं नाही. मुलीने आपले रंग खरवडून काढायचा प्रयत्न केला, पण कुठे बाबांचं संपतं आणि कुठे आपलं सुरू होतं, हे तिलाच कळेना. बाबांनी कित्येक महिने ब्रश उचलला नाही.

पुढे एकदा त्यांनी पुन्हा रंग मागितले. या वेळी त्यांनी मुलीला समोर बसवलं. चित्रात तिचं नाक कानाजवळ गेलं होतं. ती पाहत राहिली, पण हात पुढे केला नाही. पाहुणे आले, मनसोक्त हसले. बाबांनी काय चुकलं ते विचारून घेतलं आणि तेही हसले.

आधीची सगळी चित्रं मात्र माळ्यावर पडून आहेत. ती ना बाबांची राहिली, ना तिची.

मंडळी, आंधळ्या माणसाचा हात जरूर धरावा, पण त्याने मागितला तर. आणि त्या हातातला ब्रश तर कधीच धरू नये.