दहाव्या खिळ्यावरची पट्टी

मी एक जुना लाकडी फळा आहे. सुताराची थोरली मुलगी चालायला लागली, त्या वर्षी त्याने मला आपल्या बायकोसाठी घडवले. ती शाळेत इंग्रजी शिकवायची; सगळे तिला बाई म्हणत. माझ्यावर दहा नामे कोरली होती आणि प्रत्येकापुढे एक खिळा होता. मुलांनी नाम वाचायचे आणि त्याला जुळणाऱ्या सर्वनामाची पट्टी खिळ्याला अडकवायची. एक मुलगी असेल तर ‘शी’, पुष्कळ मुले असतील तर ‘दे’.

सुताराला अक्षरओळख नव्हती. बायकोने कागदावर काढून दिले, तसे त्याने कोरले. पट्ट्यांची भोके मात्र खालच्या बाजूला पाडली.

“अहो, सगळी अक्षरं शीर्षासन करतायत,” ती म्हणाली आणि पोट धरून हसली. त्याने वरच्या बाजूला दुसरी भोके पाडली.

मित्रांनो, तीस वर्षे मी शाळेत राबलो. मुले माझ्याकडे धावत यायची. पुढे बाई निवृत्त झाल्या, नव्या शिक्षकांना मी नको होतो. बाईंनी मला घरी आणून स्वयंपाकघरात टांगले.

“आता तुमची पाळी,” त्या सुताराला म्हणाल्या. “दहाच्या दहा बरोबर आले की पास. मग शिकवणी बंद.”

“आणि नाही आले तर?”

“तर रोज चहानंतर माझ्यासमोर बसायचं.”

वर्षभरात तो सगळे शिकला. हे फक्त मला ठाऊक होते. बाई चहा गाळत असताना तो दहाही पट्ट्या अचूक लावायचा. मग दहाव्या खिळ्यावरची काढून तिथे भलतीच अडकवायचा. बाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायच्या, त्याचे बोट धरून पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

मग बाईंनी अंथरूण धरले. एका संध्याकाळी खोलीच्या उघड्या दारातून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “शेकडो पोरं पास केली मी. घरचा एक गडी तेवढा राहिला. माझंच शिकवणं कमी पडलं हो.”

बरोबर पट्टी त्याच्या मुठीतच होती.

“उद्या बघू, बाई,” तो म्हणाला.

सकाळी त्याने दहाही पट्ट्या लावल्या आणि मला उचलून त्यांच्या उशाशी आणले. “बाई, बघा तरी,” तो म्हणत राहिला. आत दूध उतू गेले, तरी त्याने मला खाली ठेवले नाही.

आता माझ्यावर धूळ साचली आहे. ती पुसली नाही तरी चालेल. पण मित्रांनो, ज्याने तुम्हाला शिकवले, त्याला ‘मला येते’ हे वेळेवर सांगा.

थोरल्या मुलीचा मुलगा शाळेत जायला लागला, त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी बाई वारल्या.