दादाचा आवाज कंपनीकडे

"सर, खातं ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः बोलून खात्री द्यायला हवी," कंपनीच्या मुलीने फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

"अहो बाई, त्याला बोलता येत नाही, म्हणूनच तर तुमचं सॉफ्टवेअर घेतलंय!"

"मग दोन मिनिटं त्यांच्याकडे फोन द्या ना, सर."

मी कपाळावर हात मारून घेतला. समोर दादा, माझा थोरला भाऊ, बसला होता. गळ्याच्या ऑपरेशनात त्याचा आवाज गेला. त्याआधी आठवडाभर बसून त्याने आठशे वाक्यं रेकॉर्ड केली होती. टॅबलेटवर काहीही लिहिलं की ते त्याच्याच आवाजात ऐकू यायचं. चार दिवसांपूर्वी अपडेट आलं आणि टॅबलेट कुठल्याशा परक्या, गुळगुळीत आवाजात बोलायला लागला. दादाने तो एकदा ऐकला आणि टॅबलेट पालथा घातला. तेव्हापासून कोणाशी बोलला नाही. वहिनींशी भांडलासुद्धा नाही, म्हणजे बघा.

"बरं, त्याची रेकॉर्डिंग्ज तरी परत द्या!"

"अटींनुसार ती कंपनीच्या मालकीची आहेत, सर. तुम्ही 'मान्य' दाबलंय."

मीच दाबलं होतं. एवढी पानं वाचतो कोण?

आणि खरी चीड तर पुढेच आहे. ते सॉफ्टवेअर मुळात माझंच. सहा वर्षांपूर्वी मी लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. मित्र जीव तोडून सांगत होता, "अरे, असा परवाना लाव, की जो त्यात बदल करेल त्याला तेही सगळ्यांसाठी खुलं ठेवावं लागेल." पण मी पडलो दानशूर! म्हटलं, "घेऊ दे रे कोणीही, कसलीच अट नको." झालं! कंपनीने घेतलं, कुलूप ठोकलं आणि एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत माझे आभार मानले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

फोन आपटला. लॅपटॉपवर माझी जुनी, खुली आवृत्ती होती. आधी तिचा परवाना बदलला, मित्राने सांगितला होता तो लावला. आता फक्त आवाज हवा होता. दादाने वही ओढली आणि लिहिलं, "तुझा चालेल."

"माझा? दादा, कावळा बरा माझ्यापेक्षा."

त्याने 'चालेल'खाली रेघ मारली आणि वाक्यांची यादी करायला घेतली. पहिल्याच वाक्याला माझी जीभ अडली: "अगं ए, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"दादा, वीस वर्षं मी त्यांना 'अहो वहिनी' म्हणतोय. हे कसं म्हणू? मार खाईन!"

दादाने डोळे वटारले. मी पुटपुटलो. त्याने मान हलवली, पुन्हा म्हण. तिसऱ्या वेळेला मात्र चांगला खेकसलो.

दादाने बटण दाबलं. लॅपटॉप खेकसला आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी हात पुसत दारात आल्या. आवाज माझा आहे हे त्यांना कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. मी मान खाली घातली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"डोक्यावरच आहे तुमच्या," त्या दादाला म्हणाल्या. "चार दिवसांनी तोंड उघडलंत, तेही चष्म्यासाठी?"

दादाने पुन्हा तेच बटण दाबलं.