तोंडात बोळा कोंबलेला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. मुठीएवढा, पण घसा असा की भिंतीपलीकडचाही दचकावा. बाळंतिणींच्या दवाखान्याच्या तळघरात जनरेटर आहे, त्याच्या कंट्रोल पॅनलच्या माथ्यावर मला बसवलं. यंत्राचं बिनसलं की ओरडायचं, एवढंच माझं काम. "हा आहे म्हणून मी निवांत," असं जनरेटर सांभाळणारे मामा कौतुकाने सांगत.

पुढे मी वरचेवर ओरडू लागलो. मामा धावत येत, तोवर काटे जागेवर. "याला ऊठसूट कोकलायची खोडच लागलीय!" वर तान्ही बाळं दचकत, सिस्टर जिन्यातून रागावत. शेवटी मामांनी फडक्याचा बोळा माझ्या तोंडात कोंबला.

एका दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण आवाज चढे, बसे, पुन्हा चढे. दिवे मोठे-बारीक होऊ लागले. वर काचेच्या पेटीत मामांची इवलीशी नात होती, अपुऱ्या दिवसांची. पेटीची ऊब या यंत्रावरच. मी जीव तोडून ओरडलो. बाहेर आली नुसती गुणगुण.

नेमकी त्याच दिवशी यंत्राच्या तपासणीला आलेल्या मेकॅनिक ताईने पॅनलला हात लावला. मी थरथरत होतो.

"मामा, याच्या तोंडात बोळा कोणी घातला?"

"मीच गं. बाळं उठायची."

"बाळ रडलं तर तोंड दाबता का त्याचं?" तिने बोळा उपसला. तळघर दणाणलं. तिने पॅनलवरचे काटे पाहिले. "वेग मोजणारा सेन्सर पॅनलला चुकीचं सांगतोय. म्हणून डिझेल कमी-जास्त होतंय. बंद पडेल हे."

"बंद नको गं! नात आहे माझी वर."

"मग पॅनलला बाजूला ठेवून डिझेल हाताने सोडू. हा डिझेलचा दांडा धरा, विजेचा हा काटा हिरव्या पट्ट्यातून हलू द्यायचा नाही. थरथरायचंच असेल तर पायांनी थरथरा!"

मामा घामाने निथळले, पण काटा हलला नाही. ताईने पॅनलमागे एकेक वायर हळूच चाचपली. सेन्सरच्या वायरीचा स्क्रू ढिला होता. यंत्र हादरलं की ती सुटे, पुन्हा चिकटे. इतके दिवस मी त्यासाठीच तर ओरडत होतो! तिने स्क्रू आवळला, कारभार पुन्हा पॅनलकडे दिला. आवाज एकसुरी झाला. मी आपोआप गप्प झालो.

तेवढ्यात जिन्यातून सिस्टरची हाक आली, "आजोबा, पेटी गरम आहे हो! नात भोकाड पसरून रडतेय!"

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. "रडू दे," ते म्हणाले, "रडू दे तिला."

आता त्याच फडक्याने मामा माझी धूळ पुसतात. मित्रांनो, कोणी वारंवार ओरडत असेल, तर बोळा शोधण्याआधी त्याचं कुठे दुखतंय ते शोधाल ना?