दुसरा साक्षीदार

"माझी सही घ्या ना," ती म्हणाली. "सख्खी बहीण आहे मी. आणखी कोणाला शोधत बसता?"

वॉर्डच्या भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस मिनिटं कमी होती आणि चारला तिच्या भावाला, पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, ऑपरेशनला नेणार होते. हृदयाचं काम होतं, डॉक्टर खात्री देत नव्हते. कोर्टाबाहेर बसून तीस वर्षं मी मृत्युपत्रं टाइप करतोय. धडधाकट असताना लोक म्हणतात, एवढी काय घाई आहे? मग तहान लागली की विहीर खणायला मला बोलावतात. मला चीड येते त्याची.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक शेजारच्या खाटेवरचे मास्तर, पायाला प्लास्टर घातलेले. दुसरा मिस्त्रीचा मित्र, तो अजून पोहोचलाच नव्हता. नर्सने रुग्णाच्या कागदावर सही करायची नाही, या नियमाकडे बोट दाखवून नर्सबाईंनी हात झटकले होते. आणि मिस्त्रीचा मुलगा वाटेत होता. त्याने घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय, आत्यासाठी वृद्धाश्रमही, आणि तो समोर आला की आपला हात कागदावर चालायचा नाही, हे मिस्त्रीनेच मला सांगितलं होतं.

"तुमची सही चालणार नाही, ताई."

"का? मला लिहिता येतं."

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. बहिणीला तो काही बोलला नव्हता, पण आता आडपडद्याला वेळ नव्हता.

"ज्याला काही मिळणार असतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं," मी म्हणालो.

तिने कागदाकडे पाहिलं, मग भावाकडे. नवरा गेल्यावर ती त्याच्या दारी आली, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. वहिनी गेल्यावर त्याचं पोर तिनेच वाढवलं. ग्रीसने माखलेले त्याचे कपडे रोज घासले.

"घर?" तिने हळूच विचारलं.

"तू आहेस तोवर तुझं, ताई," मिस्त्री म्हणाला. "मग पोराचं. तुला कोणी ऊठ म्हणायचं नाही."

ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. घड्याळ पुढे सरकत होतं. तेवढ्यात ती फरशी पुसणाऱ्या बाईंना हाताला धरून घेऊन आली.

मिस्त्रीने दोघांच्या देखत सही केली. वाकडी, पण त्याचीच. मग मास्तरांनी केली, मग बाईंनी ओला हात पुसून. शाई वाळते न वाळते तोच स्ट्रेचर आलं आणि त्याला घेऊन गेलं.

"हा कागद रद्द करता येतो का हो?" तिने विचारलं.

"ते जिवंत आहेत तोवर, केव्हाही."

"मग शुद्धीवर आला की त्याला फाडायला सांगते. म्हणेन, तू आहेस ना, मग मला कागद कशाला?"

मी कागद बॅगेत ठेवला. जिन्यावर मुलाच्या बुटांचा आवाज येत होता. ती मात्र खाली वाकली. खाटेखालच्या भावाच्या चपला तिने बाहेर काढल्या आणि खाटेवरून उतरल्याबरोबर त्याला पाय सरकवता येतील अशा जोडीने नीट लावून ठेवल्या.