उघड्या डोळ्यांची गुंगी

मी एक बोका. बोलतोय ते पिंजऱ्यातून, पोट रिकामं आहे आणि जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म सुरतेतला, कतारगामच्या एका कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात, सुताच्या गोण्यांमागे. मला वाढवलं भाईदासनं. तो खानदेशातला, याच कारखान्यात लूम चालवतो. डबा उघडला की भाकरीचा पहिला तुकडा माझा. पण अंगाला हात लावलेला मला खपत नाही. तो जवळ आला की मी फिसकारतो. "बरं राजा, लांबूनच," म्हणत तो मागे सरकतो.

मागच्या आठवड्यात माझ्या मागच्या पायाला सुताचा धागा गुंडाळला गेला. ओढला तसा तो आवळत गेला. पंजा सुजला, वास येऊ लागला. बसवेना, चालवेना. सुकटाच्या वासानं भुलवून भाईदासनं मला पिंजऱ्यात घेतलं. एक रात्र घरी ठेवलं आणि सकाळी दवाखान्यात आणलं.

डॉक्टर जयश्रीताई वाकल्या तसा मी गजांवर झेपावलो.

"हा सुई टोचून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "फिसकारायला तोंड उघडलं की औषध तोंडातच सोडू. गुंगीत धागा काढू. आज निघालाच पाहिजे काका, नाहीतर पाय जाईल. उपाशी आहे ना?"

"हो, काल फोनवर तुम्ही सांगितलं होतं ना."

भाईदासची बायको उषाबाई पदर चाळवत होती. "सकाळी दूध-भाकरी दिली मी त्याले," ती हळूच म्हणाली.

"अगं, सांगितलं व्हतं ना तुले!"

"घरातून कुणाले उपाशी धाडलंय का मी? तुम्हाले तरी कधी धाडलं?"

जयश्रीताईंनी भरलेली सिरिंज खाली ठेवली. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासात जाईल, जीवच जाईल, म्हणाल्या. पोट रिकामं होईपर्यंत थांबावं लागणार होतं.

पाय ठणकत होता. मी पिंजऱ्यात गोल गोल फिरत होतो, बाहेर भाईदास फिरत होता. उषाबाई कुणाकडे बघत नव्हती.

दुपार टळल्यावर औषध आलं. कडू जहर! तोंडाला फेस आला. मग पाय माझे राहिले नाहीत. डोळे मात्र उघडेच होते.

"गेला का हो?" भाईदासचा आवाज फाटला.

"नाही काका. या औषधात डोळे मिटत नाहीत. सुकू नयेत म्हणून मलम घालते."

तेव्हा भाईदासनं माझ्या कपाळावरून हात फिरवला. मला फिसकारता येईना.

एक बोट गेलं, पाय वाचला.

आज जखम साफ करायची आहे. पुन्हा तेच औषध. माणसांनो, अशा दिवशी आम्ही कितीही ओरडलो तरी मन घट्ट करा, वाटी लपवा.

उषाबाईनं तसंच केलं. पण मग घरात चूलच पेटवली नाही. रिक्षात आम्ही तिघंही उपाशी आहोत. भाईदास कुरकुरतोय, "मले तर चहा द्यायचा व्हता!" तिनं पिंजरा मांडीवर धरलाय.

दवाखाना आला. सिरिंज जवळ आली की मी तोंड उघडेन. फिसकारायलाच, पण उघडेन.