मेलिदाचं जुनं कार्ट्रिज

मेलिदा माझी शेजारीण. पांदेबोनो पाव घेतानासुद्धा ती बेकरीवाल्याला तो मोडून दाखवायला लावते, आत चीज आहे की नुसतं पीठ, ते बघायला. त्यामुळे तिच्या रेकॉर्ड प्लेअरमधून ट्रम्पेटऐवजी तापल्या तेलात पाणी पडल्यासारखं चरचरायला लागलं, तेव्हा तिनं आधी माझ्याकडेच पाहिलं.

"लेओनोर, तू हात लावला होतास?"

"मी कशाला लावू? माझ्याकडे माझा नाही का?"

आमच्या काली शहरात घराची पत त्या घरातल्या रेकॉर्डवरून ठरते. मेलिदाचं यंत्र तिच्या नवऱ्याचं, रुबिएलचं. तो गेल्यापासून ते तिनं कुणाला पुसूसुद्धा दिलं नव्हतं.

आम्ही ते अर्नूबियो मास्तरांकडे नेलं. मास्तर राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम करतात. त्यांनी भिंग लावलं.

"सुई झिजलीय, बाई. आता वाजवाल तर रेकॉर्डच खरवडून निघेल. या जातीची सुई हल्ली कुणी बनवत नाही. अख्खं कार्ट्रिजच, म्हणजे सुई बसते ती डबीच, बदलावी लागेल."

त्यांनी दोन नवी कार्ट्रिजं लावून दाखवली. पहिल्यात ट्रम्पेट कानात टोचत होता. दुसरं गोड होतं, पण कोंगा ढोल उशीवर बडवल्यासारखा वाजत होता.

"तुम्ही मागून बटण फिरवलंत," मेलिदा म्हणाली. "दोन्ही हात टेबलावर ठेवा आणि परत लावा."

"मग सुई रेकॉर्डवर कोण ठेवणार? पवित्र आत्मा?"

"लेओनोर ठेवेल."

मी ठेवली. आवाज तोच.

"दुसरंच द्या," मेलिदा म्हणाली. "पहिलं माझ्या नणंदेसारखं बोलतं."

"बरं. जुनं राहू दे इथेच, मी टाकून देतो." आणि मास्तर ते जुनं कार्ट्रिज चष्म्याच्या मऊ फडक्यात गुंडाळायला लागले.

"कचरा फडक्यात कधीपासून गुंडाळतात, मास्तर?"

त्यांचे कान लाल झाले. मेलिदानं पुडी उचलून पर्समध्ये टाकली आणि आम्ही बाहेर पडलो.

ती थेट बाजारातल्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं ते उलटंसुलटं करून परत दिलं. "सुईशिवाय ही नुसती डबी आहे, ताई. मला नको."

रस्त्यात मेलिदा म्हणाली, "दोघं मिळालेले आहेत."

"अगं, एकाला हवंय, दुसऱ्याला नकोय. मिळालेले असते तर सारखंच बोलले असते."

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून वेगळं बोलले. आणि तू का गं त्यांची बाजू घेतेस?"

घरी आल्यावर तिनं ती पुडी तांदळाच्या डब्यात खुपसली, आणि मी बघतेय हे दिसताच परत काढली. त्या आठवड्यात मास्तर आमच्या गल्लीतून जाताना दिसले. तिचं झोपणं-जेवणं सुटलं. शेवटी पुडी पर्समध्ये घेऊन, मला ओढत ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"शपथेवर सांगा. काय आहे यात? सोनं?"

मास्तरांनी खणातून एक छोटी डबी काढली. आत कोरी सुई होती, न वापरलेली.

"माझ्याकडे याच जातीचं कार्ट्रिज होतं. आतली तार तुटली, गेलं. ही सुई तेवढी उरली."

"सुई होती, आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही नेली असती. मग मला पुन्हा तो आवाज ऐकायला मिळाला नसता."

"चोर आहात तुम्ही."

"अर्धा," मास्तर खाली बघत म्हणाले. "चोरी तर झालीच नाही."

मेलिदा स्टुलावर बसली. बराच वेळ पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "बसवा. एकदा ऐकू."

मास्तरांनी सुई जुन्या कार्ट्रिजला बसवली आणि ते आपल्या यंत्रावर चढवलं. रुबिएलची आवडती रेकॉर्ड त्यांच्याकडेही होती, ती लावली. सूर लावायच्या आधी गाणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मेलिदानं तोंड भिंतीकडे वळवलं. मास्तर भिंग पुसत बसले. मी दोघांकडेही बघितलं नाही.

आता असं ठरलंय: इतर दिवशी मेलिदा नवं कार्ट्रिज वापरते. रविवारी दुपारी मास्तर सुई खिशात घालून येतात आणि ती जुन्यावर चढते. लुलादा पिऊन झाला, दोन-तीन रेकॉर्ड झाल्या की मास्तर सुई काढून घेतात. तीच आहे ना, बदलली तर नाही ना, हे मेलिदा त्यांच्याच भिंगातून बघून घेते, आणि मग त्यांना जाऊ देते.

परवा निघताना पाऊस आला. मास्तर दारात थबकले.

"सुई राहू दे इथेच. वाटेत भिजेल."

मेलिदानं कमरेवर हात ठेवले.

"का? काय बिघडलंय तिच्यात?"